धुतलेला स्पंज

“पाण्यात अमोनिया झालाय,” मुकादम म्हणाला, आणि माझ्या भावाच्या हातातली कपबशी वाजली.

रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. चिपळूणच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत खिडकीशी तीन फुटांची काचेची टाकी ठेवली होती. ती येऊन पाच दिवस झाले होते, आणि पाण्यावर तिसरा मासा उताणा तरंगत होता. मुकादमचं बाजारपेठेत रंगीत माशांचं दुकान. ह्यांनी त्याच्याचकडून टाकी घेतली होती, म्हणून ह्यांनीच त्याला घरी बोलावून आणलं होतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. दिगूकडे बघायचा धीर दोघांनाही होईना. तो शब्द आमच्या घरात सात महिने कुणी उच्चारला नव्हता.

दिगंबर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, आई गेल्यावर एकटाच राहायचा. दापोलीच्या खाली एका बंदरावर बर्फाचा कारखाना होता, तिथे तो अकरा वर्षं मशीन चालवायला होता. बर्फ करायला अमोनिया लागतो हे मला त्याच्या नोकरीमुळेच कळलेलं. त्या वर्षीच्या वैशाखात, भर दुपारी, मशीनच्या खोलीत वायू सुटला. काशिनाथ गोरिवले नावाचा बर्फाच्या लाद्या उचलणारा कामगार आत गुदमरून मेला. दिगू बाहेर पडला. चौकशी झाली, कामगाराची स्वतःची चूक म्हणून कागद बंद झाले. तो माणूस दारू प्यायलेला होता, नको त्या ठिकाणी हात घातला, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते. शाळेत बायका विचारायच्या, तेव्हा मी सांगायचे, “प्यायलेल्याला काय कळणार, माझा भाऊ थोडक्यात वाचला.”

दिगूचे डोळे महिनाभरात निवळले, खोकला दोन महिन्यांनी गेला. बाकी काही गेलं नाही. मी त्याला माझ्याकडे आणलं. तो दिवसभर खुर्चीत बसून असायचा. हाक मारली तर “हो” म्हणायचा आणि उठायचा नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ह्याच्या हातात काहीतरी जिवंत द्या, ज्याची निगा राखावी लागते. कुत्र्याला तो लहानपणापासून घाबरायचा. म्हणून ह्यांनी मासे आणले. आठ आणले, एकदम.

मुकादमला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपला सांगत सुटला. “मासे घाण करतात, उरलेलं खाणं कुजतं, त्याचा अमोनिया होतो. जुन्या टाकीत तो खाणारे जिवाणू असतात. डोळ्याला दिसत नाहीत. फिल्टरच्या स्पंजात राहतात, खड्यांत राहतात. नव्या टाकीत कुठून येणार? महिना जावा लागतो. मी साहेबांना बोललो होतो, आधी दोनच न्या.”

“किती झालाय?” दिगूनं विचारलं.

कितीतरी आठवड्यांत त्यानं आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

“किती म्हणजे?”

“मोजता येतो का?”

“येतो की. मुंबईहून बाटली मागवावी लागेल. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवं झालं तर आहे. जितकं गर्द हिरवं, तितका जास्त.”

“मागवा,” दिगू म्हणाला. कपबशी खाली ठेवून तो टाकीजवळ गेला आणि मेलेला मासा त्यानं स्वतःच्या हातानं बाहेर काढला.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला ह्यांनी “कारखाना” असं नाव दिलं होतं, अर्थात दिगूच्या माघारी. ओटीवर सहा बादल्या मांडलेल्या. नळाचं पाणी त्यांत एक दिवस ठेवायचं, जंतुनाशकाचा वास उडाला की मग टाकीत. रोज सकाळी चौथा हिस्सा पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं. खाणं चिमूटभर, तेही दिवसाआड. बाटली आल्यावर नळी उजेडाला धरून रंग बघायचा आणि वहीत लिहायचा. माझ्याकडे शाळेच्या कोऱ्या वह्या असायच्या, त्यातली एक त्याला दिली होती. अक्षर सुंदर होतं त्याचं. तारीख, वेळ, रंग, किती पाणी बदललं, मासे कसे पोहतात.

पहिले दहा दिवस पाणी हिरवंच. मग मुकादमनं दुकानातल्या जुन्या टाकीतला स्पंजचा एक तुकडा पिशवीत घालून आणून दिला. मळकट, तपकिरी, बुळबुळीत.

“हे विरजण समजा,” तो म्हणाला. “दुधात घालतो तसं. आता ह्याला जपा. नळाखाली धरायचा नाही, साबण तर लांबच. फारच गाळ साचला तर टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळायचा.”

तो गेल्यावर दिगूनं मला बोलावून ते सगळं पुन्हा सांगितलं. “अक्का, तू घर पुसतेस, टाकी बाहेरून पूस. स्पंजला मात्र हात लावू नकोस.”

“नाही रे बाबा लावत,” मी म्हटलं.

पौषातल्या एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते. त्यानं हाक मारली, “अक्का, ये. लवकर ये.” मी पिठाच्या हातानं धावले. नळीतलं पाणी पिवळं होतं. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. त्यानं नळी खिडकीशी, उजेडात धरली होती.

“शून्य,” तो म्हणाला.

त्या दुपारी त्यानं दोनदा भात मागून घेतला. आठवड्यानं दाढी केली. पुढे मुकादमकडे तो एकटा चालत जाऊ लागला, एकेक करून आणखी तीन मासे आणले. टाकीत पुन्हा आठ झाले. ह्यांनी एकदा जेवताना मला डोळ्यांनी खूण केली. दिगू मुकादमच्या बोलण्याची नक्कल करत होता. आपला भाऊ आपल्याला परत मिळाला असं मला वाटलं, आणि मी सैल झाले. चूक तिथेच झाली.

फाल्गुनात एका शनिवारी हे दिगूला घेऊन रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेले. माझी सकाळची शाळा होती. बाराला घरी आले तर पुढच्या खोलीत कोंदट वास येत होता. आदल्या आठवड्यात माझी नणंद येऊन नाकाला पदर लावून गेली होती, आणि रविवारी ती पुन्हा यायची होती. मी फिल्टरचं झाकण काढलं. आतला स्पंज बघून मला शिसारी आली. गटारातून काढावा तसा दिसत होता. मनात म्हटलं, ह्या घाणीत मासे कसे सुखानं राहतील? मुकादम सांगतो ते त्याच्या दुकानापुरतं. आपल्या घरात असं नाही चालायचं.

मी स्पंज काढला. कढत पाणी घेतलं, धुण्याची पावडर टाकली, दगडावर चोळचोळून धुतला. तीन पाण्यांतून काढला, उन्हात टाकला. मग हात लागलाच आहे तर म्हणून तळाचे खडेही उपसले आणि चाळणीत घालून नळाखाली घासले. चार वाजेपर्यंत टाकी अशी लखलखीत झाली की पाणी आहे की नाही कळू नये. मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी दिगू आला. प्रवासानं दमला होता. टाकीकडे बघून म्हणाला, “पाणी बदललंस?”

“थोडंसं,” मी म्हटलं.

“बरं केलंस.” तो हातपाय धुऊन आडवा झाला.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण सकाळी सांगू म्हटलं. सकाळी नणंद आली, टाकीचं कौतुक करून गेली. तिच्यासमोर कसं सांगणार? सोमवारी उठले तर तो नळी धरून खिडकीशी उभा होता आणि पाणी हिरवं होतं.

“कसं काय?” मी विचारलं. माझाच आवाज मला लबाड वाटला.

“बघतो,” तो म्हणाला.

मंगळवारी पाणी आणखी गर्द झालं. सगळे मासे वर येऊन तोंडं उघडीमीट करत होते, जसं काही पाण्यातली हवाच संपली होती. त्यांच्या गालांजवळची फट लाल झाली होती. दिगू सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी बदलायचा. खाणं बंद केलं. मुकादमकडे जाऊन विरजणाचा नवा तुकडा घेऊन आला. तरी त्याच दिवशी एक मासा गेला, बुधवारी तीन गेले. तो त्यांना कागदात गुंडाळायचा आणि मागच्या जास्वंदीखाली पुरून यायचा. आल्यावर हात धुवायचा, स्टुलावर बसायचा आणि वही उघडून पहिल्या पानापासून वाचायला लागायचा.

“मी काहीतरी केलंय, अक्का,” बुधवारी दुपारी तो म्हणाला. “कुठं चुकलो ते सापडत नाही.”

मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. “होतं असं कधीकधी,” मी म्हटलं.

“कधीकधी होत नाही. कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय होत नाही.”

मी सुपातले खडे वेचत राहिले. त्याला खरं सांगितलं तर तो मोडेल, असं मी स्वतःला बजावत होते. त्याला जपण्यासाठीच गप्प बसले आहे, असंही. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो! रात्री हे मला म्हणाले, “तो जेवला नाही आज. गोळ्यांचा डबा मी कपाटात ठेवलाय, किल्ली तुझ्याजवळ ठेव.” ह्यांनाही मी सांगितलं नाही.

गुरुवारी शाळेत चौथीच्या वर्गाला गणित घालत होते. एका मुलीनं दुसरीची पाटी फोडली होती. मी विचारलं, “कुणी केलं?” ती बाकावरून उठली आणि म्हणाली, “मी.” इतकंच. मी तिला रागावलेसुद्धा नाही. खडू फळ्याच्या कडेला ठेवला, मुख्याध्यापिकांना बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि घरी आले.

सकाळपासून आणखी तीन गेले होते. टाकीत एकच मासा उरला होता, काळा. दिगू स्टुलावर बसला होता. मी चपला न काढताच त्याच्यासमोर उभी राहिले.

“दिगू, स्पंज मी धुतला. शनिवारी. पावडर लावून, कढत पाण्यात. खडेही धुतले.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“सोमवारी फिल्टर उघडला तेव्हाच कळलं. स्पंजाला साबणाचा वास होता.”

“मग बोलला का नाहीस?” माझा आवाज चढला. “चार दिवस माझ्यासमोर वही उलटत बसलास! ‘मी काहीतरी केलंय’ म्हणालास!”

“वाईट वागलो, अक्का. माशांसाठी करायचं ते सगळं मी करत होतो, त्यात कसूर केली नाही. पण मला बघायचं होतं.”

“काय बघायचं होतं?”

“तुला किती दिवस लागतात ते.” त्यानं वही मिटली. “तू चार दिवसांत सांगितलंस. मला दहा महिने झाले.”

मी खाली जमिनीवरच बसले. मग त्यानं मला सांगितलं, टाकीकडे बघत, एका सुरात, जसं काही वहीतलं वाचून दाखवत होता.

मशीनमध्ये तेल साचतं. ते मधूनमधून खालच्या व्हॉल्व्हमधून बादलीत काढावं लागतं. तेल मशीनमधल्या थंडीनं घट्ट झालेलं असतं, सावकाश येतं. आणि तेल संपलं की त्याच वाटेनं अमोनिया येतो. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारानं तिथून हलायचं नाही, हा पहिला नियम. त्या दुपारी दिगूनं व्हॉल्व्ह उघडला. तेल येईना. त्यानं आणखी उघडला. आत उकडत होतं. काशिनाथ लाद्या टाकून घाम पुसत आत आला होता. दिगू त्याला म्हणाला, “जरा बादलीकडे बघ, मी चहा घेऊन येतो.”

“त्याला मशीनमधलं काही कळत नव्हतं, अक्का. त्याला बादलीकडे बघ म्हटलं, तो बादलीकडे बघत उभा राहिला.”

चहाची टपरी समोरच होती. दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात आतून फूत्कारल्यासारखा आवाज आला. दिगू धावत दारापर्यंत गेला. आत सगळं पांढरं झालं होतं. काशिनाथ खोकत होता, हाका मारत होता. वायूत जायचा मुखवटा दाराशेजारच्या कपाटात होता. कपाटाला कुलूप होतं. मुखवटे चोरीला जातात म्हणून दिगूनंच ते लावलं होतं.

“आणि किल्ली?” मी विचारलं.

“माझ्या खिशात.”

बाहेर कुठेतरी रिक्षा चालू होत नव्हती. तो कुणाचा तरी गुरगुर-गुरगुर प्रयत्न मला अजून ऐकू येतो.

“माझ्या नाकात वास गेला आणि मी वळलो. पळालो, अक्का. किनाऱ्यापर्यंत पळालो. किल्ली खिशात वाजत होती. परत आलो तेव्हा लोकांनी ओल्या गोणपाटांनी त्याला बाहेर ओढून काढलं होतं. त्याचा हात व्हॉल्व्हवर होता म्हणे. बंद करायला बघत होता. कुठल्या बाजूला फिरवायचा ते त्याला माहीत नव्हतं.”

“पण तो तर प्यायलेला...”

“तो सुपारीसुद्धा खात नव्हता.” दिगूनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “कारखान्याचे शेठ म्हणाले, तो गेला, आता त्याला काय होणार? तू आहेस अजून. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, त्यानंच उघडला. आणि म्हटलं, बहुतेक घेतलेली होती. बहुतेक म्हटलं मी. पुढचं सगळं लोकांनी केलं.”

मी काय बोलले ते मला लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “झालं ते झालं. आता सांगून काशिनाथ परत येणार आहे का?”

“हेच शेठ म्हणाले होते,” दिगू म्हणाला.

ह्यांना त्यानं स्वतःच सांगितलं, ते एसटीच्या डेपोतून, कामावरून आल्यावर. हे बराच वेळ शर्टाची बटणं काढत-लावत राहिले. मग एवढंच विचारलं, “पोलिसांत आधी, की त्यांच्या घरी?”

“घरी आधी.”

“शालन तुझ्याबरोबर येईल,” हे म्हणाले. मला विचारलंही नाही, आणि मला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीनं दापोलीला गेलो, तिथून खाली जाणारी दुसरी गाडी धरली. काशिनाथची वाडी डोंगराच्या उतारावर होती. काजूंना मोहोर होता. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना दिगू तीनदा थांबला. मला वाटलं दम लागला, पण तो नुसता उभा राहायचा आणि पुन्हा चालायला लागायचा.

अंगणात एक तिशीतली बाई काठीनं कुळीथ झोडत होती. काशिनाथची बायको, सुगंधा. दिगूला बघून तिनं काठी खाली ठेवली, पदर सारखा केला.

“ऑपरेटरसाहेब? या. बरे झालात ना?”

तिनं पडवीत घोंगडी टाकली, तांब्याभांडं आणलं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आमच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. आतल्या भिंतीवर काशिनाथचा फोटो दिसत होता. त्याला हार नव्हता, कुंकूही नव्हतं.

दिगूनं पाण्याला हात लावला नाही. “वहिनी, आधी ऐका,” तो म्हणाला आणि आदल्या दिवशी मला सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. किल्लीचंही सांगितलं.

सुगंधा उभीच होती. ऐकताना तिची बोटं पदरातली कुळथाची टरफलं काढत होती.

“तो पिलेला नव्हता हे मला कुणी सांगायला नको,” ती शेवटी म्हणाली. “नवरा होता माझा. सकाळी माझ्या हातची भाकरी खाऊन गेला होता. पण माझं कोण ऐकतंय? सगळा गाव एकीकडे.” मग थांबून म्हणाली, “किल्ली तुमच्या खिशात होती?”

“हो.”

“आणि तुम्ही पळालात.”

“हो.”

ती रडेल, ओरडेल, दगड घेईल, असं मला वाटत होतं. तिनं भांडं उचललं, त्यातलं पाणी अंगणात ओतून टाकलं.

“मला नका सांगू आता काही,” ती म्हणाली. “तिला सांगा.” म्हातारीकडे बोट केलं. “आई त्याची. दहा महिने झाले, तिनं त्याच्या फोटोला फूल घालू दिलं नाही. दारूड्याला कसला हार म्हणते. तिला सांगा. मोठ्यानं सांगा, तिला ऐकायला येत नाही.”

दिगू उठला, म्हातारीसमोर जाऊन उकिडवा बसला. “आजी,” तो म्हणाला.

“कोण गो ह्यो?”

“आजी, मी कारखान्यातला. काशिनाथ पिलेला नव्हता.”

“काय म्हणतो?”

“काशिनाथ पिलेला नव्हता.”

म्हातारीनं कानामागे हात धरला. “मोठ्यान् बोल रे बाबा.”

माझ्या भावाचा आवाज लहानपणापासून हळू. शाळेत कविता म्हणताना मागच्या बाकाला ऐकू जायची नाही. तो आता उभा राहिला, छातीभरून श्वास घेतला आणि ओरडला, “काशिनाथ पिलेला नव्हता! व्हॉल्व्ह मी उघडा टाकला होता! मी खोटं सांगितलं!”

वरच्या घराचं दार उघडलं. पाखाडीवरून पाणी घेऊन येणाऱ्या दोघी जणी हंड्यांसकट थांबल्या. एक माणूस कोयता घेऊन अंगणाच्या दगडी गडग्याशी येऊन उभा राहिला.

“पिलेला नव्हता?” म्हातारीनं विचारलं.

“नव्हता! कधीच पीत नव्हता! मी खोटं बोललो, आजी!”

माणसं गोळा होत गेली. म्हातारीला पुन्हा पुन्हा विचारायचं होतं आणि दिगू पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होता. चौथ्या-पाचव्यांदा त्याचा आवाज चिरकला. तेव्हा कुठे तिला ते उमगलं. तिनं कानामागचा हात काढून मांडीवर ठेवला.

“मग त्याची तिरडी उचलताना मी त्याला शिव्या दिल्या त्या?” ती म्हणाली. “लाज आणलीस म्हणाले. पुन्हा माझ्या पोटाला येऊ नको म्हणाले. त्या आता कुणाला देऊ?”

“मला द्या,” दिगू म्हणाला. पण ते त्यानं हळू म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही.

आम्हाला कुणी अडवलं नाही, कुणी पोचवायलाही आलं नाही. कोयतेवाला माणूस बाजूला झाला, एवढंच. दुपारी तीनला दिगू दापोलीच्या पोलीस ठाण्यात बाकावर बसला होता आणि हवालदार त्याचा जबाब कागदावर उतरवून घेत होता. मध्ये दोनदा त्यानं पेन थांबवून विचारलं, “नक्की का? सही कराल?” दिगूनं सही केली.

खटला चार वर्षं चालला. शेठच्या वकिलांनी सिद्ध केलं की शेठ त्या दिवशी मुंबईला होते. दिगूला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील करू म्हणून हे त्याच्या मागे लागले होते, तो नाही म्हणाला. टाकी आणि तो काळा मासा मुकादम कधीच घेऊन गेला होता. सुटून आल्यावर दिगू गुहागरकडे एका नारळाच्या बागेत कामाला लागला, अजून तिथेच आहे. बोलतो, जेवतो, सणाला येतो. बरा झाला का, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येत नाही.

तो आत असताना मी एकदा सुगंधाकडे गेले. का गेले, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तिनं मला अंगणातच उभं केलं. “त्यांना इथं आणू नका कधी,” ती म्हणाली. मी बरं म्हटलं आणि वळले. तेव्हा मागून म्हणाली, “तुम्ही येत जा पाहिजे तर. म्हातारी विसरते सारखी. मला ओरडायचा कंटाळा येतो.”

म्हातारीची आठवण झडत चालली होती. सून आठवायची नाही, दिवस आठवायचा नाही. ती जुनी बातमी तेवढी डोक्यात घट्ट बसलेली. मी वर्षातून दोन-तीनदा जायचे, तिच्याजवळ बसायचे. ती माझा हात चाचपायची आणि विचारायची, “माझा काशिनाथ पिऊन मेला ना गो, बाय?”

“नाही, आजी!” मी ओरडायचे. “पिलेला नव्हता!”

प्रत्येक वेळी तिला ते नव्यानं कळायचं. चेहरा उजळायचा, अगदी क्षणभर. मग त्या शिव्या आठवायच्या आणि ती डोकं भिंतीवर आपटायला लागायची. सुगंधा येऊन तिला धरायची. चहा व्हायचा. चहा पिऊन झाला की म्हातारी माझ्याकडे वळायची आणि पुन्हा विचारायची.

शेवटच्या भेटीत मी तिला सहा वेळा सांगितलं. सातव्या वेळेला सुगंधानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली. म्हातारी वाट बघत होती. मी काहीच बोलले नाही. तिनं मग स्वतःशीच म्हटलं, “पिऊनच मेला,” आणि ती शांत झोपली.